जानकीच्या घरी फ्रीज येतो

चार दिवस बदाबदा कोसळून पावसानं त्या सकाळी दम खाल्ला होता. ऊन नव्हतं, वारा नव्हता. नदीकडून नुसती कोंदट वाफ वर येत होती आणि अख्खं दहिसर मान पुसत हवेला शिव्या घालत होतं. अशा हवेत गहू मऊ पडतो, दगडाला धरतो, पीठ गरम निघतं आणि गिऱ्हाईक त्याहून गरम. जानकी परबला हे पंधरा वर्षांच्या अनुभवानं पाठ होतं. सातच्या ठोक्याला तिनं गिरणीचं शटर वर ढकललं, डोक्याला फडकं बांधलं, पट्टा हातानं चाचपला, दगड जरा सैल केले आणि ओळीत लागलेल्या डब्यांकडे सेनापतीच्या ऐटीत नजर टाकली.

गिरणीत राज्य असतं ते क्रमाचं. तांदळावर ज्वारी चालते, ज्वारीवर गहू चालतो. पण गव्हावर तांदूळ टाकलात तर भाकरीवाली बाई घरी येऊन भांडते. आणि सगळ्यात सोवळं दळण उपासाचं. ते सकाळी पहिलं. दगड झाडून, मूठभर वरी फुकट घालवून, मग. ह्या बाबतीत जानकी कुणाचं ऐकत नसे. गिरणीचे मालक चंद्रप्रकाशशेठ बोरीवलीहून रविवारी येत, तेसुद्धा स्वतःचा डबा रांगेत ठेवत.

त्या दिवशी उपासाची भाजणी होती शेजारच्या जयाची. एकादशी परवावर आलेली. पण जया उगवली पावणेआठला, तोवर दगडात गहू पडला होता.

"गहू पडलो," जानकी म्हणाली. "आता तुझी भाजणी उद्या."

"उद्या?" जयानं डबा दाणकन ठेवला. "अगं, उशीर कुणामुळे झाला? पहाटेपासून फ्रीज रिकामा करतेय मी, तुझ्यासाठी! माझी सुरमई आत्ता माझ्या आईच्या घरी राहायला गेलीय."

खरंच होतं ते. फ्रीज जयाचा होता आणि आज तो जानकीकडे यायचा होता.

हे प्रकरण सात वर्षं जुनं. जानकीचा नवरा धाकू आधी कापडगिरणीत होता, मग बोरीवलीच्या एका सोसायटीत वॉचमन होता, मग भिंतीवरच्या फोटोत गेला. मूलबाळ नव्हतं. पलीकडच्या खोलीतल्या रतननं, ती मूळची जालन्याकडची, हॉस्पिटलात आयाबाई म्हणून नोकरी करून निवृत्त झालेली, एक दिवस तिला सांगितलं की बालगृहात आमच्याकडली एक पोरगी आहे, आई बिगाऱ्याच्या कामावर असताना गेली, मागं कुणी नाही. अशी पोरं सरकार कागद करून घरी सांभाळायला देतं. जानकीनं तीन रात्री विचार केला आणि चौथ्या दिवशी पिठाच्या साडीवरच बालकल्याण समितीपुढं जाऊन उभी राहिली. श्रुतिका घरी आली तेव्हा नऊ वर्षांची होती. तिनं घरात पाऊल टाकून पहिला प्रश्न विचारला, "मावशी, तुमच्या भुवया म्हाताऱ्या आणि केस तरुण कसे?" जानकीनं भुवया पुसून दाखवल्या. तेव्हापासून दोघींचं जमलं.

पुढं समितीकडून घर बघायला एक बाई आल्या. चांगल्या होत्या बिचाऱ्या. जाता जाता सहज म्हणाल्या, "फ्रीज नाही का हो?" बस्स. जानकीनं तेच धरून ठेवलं. फ्रीज नाही म्हणून पोरगी परत नेली तर? पुढच्या भेटीला जयाचा फ्रीज जानकीच्या घरात उभा होता. त्याच्या पुढच्या भेटीला चाळीतल्याच मधुकरतात्यांचा सोफाही आला. चाळीत मुलगी बघायचा कार्यक्रम असला की शेजारपाजार आपलं चांगलंचुंगलं त्या घरात नेऊन मांडतो, ही जुनी रीतच. त्यासाठी गणपतीच्या वर्गणीतून निळ्या फुलांचे बारा कपही घेतलेले होते. ज्याच्या घरी पाहुणे, त्याच्या घरी कप. तीच रीत श्रुतिकाला लागू झाली. सहा महिन्यांनी एकदा फ्रीज जानकीच्या घरी येई आणि संध्याकाळी परत जाई. सोफा दारातून कसा तिरका घ्यायचा, हे आता जयाच्या नवऱ्याला, राजेशला, डोळे मिटून जमत होतं.

पण आज येणारी बाई वेगळी होती. श्रुतिका दहावी झाली होती, चांगल्या मार्कांनी, आणि तिचा इलेक्ट्रिकलच्या डिप्लोमाला नंबर लागला होता. शनिवारी चारच्या आत प्रवेश पक्का करायचा होता. नाही केला तर जागा पुढच्याला. मुलुंडचा एक ट्रस्ट होता. जी पोरं दुसऱ्यांच्या घरी वाढतात त्यांच्या शिक्षणाचा खर्च तो थेट कॉलेजात भरतो. तीन वर्षं. फी, पुस्तकं, पास, सगळं. फक्त आधी त्यांचं माणूस घरी येऊन गरज बघून जातं.

"जानूमावशी, ऐक ना," काल संध्याकाळी कणीक मळता मळता श्रुतिकानं बजावलं होतं. "ह्या मॅडमना आहे ते खरं सांगायचं. फ्रीजबीज काही नको. मी कॉलेजात कागद तपासून घ्यायला जाणारेय, अकराला नसेन मी. वाट लावू नकोस, प्लीज."

"खरा तां सांगतलंय गो," जानकी म्हणाली होती. आणि मनात म्हणाली होती, खरं तोंडानं बोलायचं असतं. घराला कशाला बोलायला लावायचं? पाहुणी बाई पहिल्यांदा येणार आणि तिला काय मोकळ्या भिंती दाखवायच्या? माझ्या चेडवाला, माझ्या पोरीला, मी उघड्यावर ठेवलंय, असं वाटायचं तिला.

म्हणून श्रुतिका बसस्टॉपकडे वळली न वळली तोच रतन गिरणीच्या दारात हजर.

"जानकी, आगं अजून दळतीयास व्हय? सोफा निघाला की तात्याकडनं!"

"निघालो? मरे!" जानकीनं बटण बंद केलं, फडकं झटकलं आणि रांगेला सांगितलं, "बारा वाजता या सगळ्यांनी. आज आमच्याकडे बघूक येतत."

"परत?" रांगेतून कुणीतरी म्हणालं. "अगं किती वेळा बघतायत त्या पोरीला, एकदा पसंत करा म्हणावं!"

मग जी वरात निघाली ती बघण्यासारखी होती. पुढं राजेश आणि त्याचा रिक्षावाला दोस्त फ्रीजला मिठी मारून, मागं सोफ्याची एक बाजू धरून स्वतः रतन, तिच्या मागं मधुकरतात्या, सत्तरीचे, "पाय आपटू नका, पाय आपटू नका" असं सोफ्याच्या वतीनं ओरडत. रतननं ह्या खेपेला कहर केला. नातवाचं अभ्यासाचं टेबलही उचलून आणलं. "शिक्षणाची बाई येणार म्हन्ल्यावर टेबल नगं व्हय?" दहा बाय बाराच्या खोलीत आता माणसाला वळायचं तर फ्रीजची परवानगी घ्यावी लागत होती. शिवाय प्लग एकच. तिथं टेबलफॅन लावला, फ्रीज नुसताच उभा राहिला.

अकराला मॅडम आल्या. मनाली त्यांचं नाव. तिशीच्या असतील; पाठीवर सॅक, चपला चिखलानं भरलेल्या, चेहरा घामानं डबडबलेला. दारात येऊन त्यांनी आत बघितलं, हातातला कागद बघितला, परत आत बघितलं.

"जानकी परब इथेच राहतात ना?"

"या मां, या. बसा सोफ्यार."

मॅडम बसल्या. सोफा तात्यांच्या वजनाला सरावलेला. मॅडम मधल्या खड्ड्यात अशा गेल्या की गुडघे हनुवटीला लागले. तिथूनच त्यांनी फॉर्म काढला.

"घर छान आहे हो मावशी."

"माझ्या चेडवाक काय एक कमी नाय," जानकी उत्साहानं म्हणाली. दाराबाहेर जमलेल्या चाळीनं समाधानानं माना हलवल्या.

"ही श्रुतिकाची अभ्यासाची जागा का?" मॅडमनी टेबलाकडे बघितलं. टेबलाच्या काचेखाली वेळापत्रक होतं. त्यांनी वाकून वाचलं. "विकी. इयत्ता तिसरी, तुकडी ब?"

जानकीनं डोळे मिटले आणि उघडले. "विकी तेचा लाडाचा नाव."

"आणि तिसरी?"

"आठवण म्हणान ठेवलला."

बाहेर रतननं कपाळावर हात मारला, तो आत ऐकू आला. मॅडमनी तेही लिहून घेतलं. मग म्हणाल्या, "मावशी, जरा थंड पाणी मिळेल का?"

थंड पाणी! घरात फ्रीज उभा करून पाहुण्याला नाही कसं म्हणायचं? जानकीनं ऐटीत दार उघडलं. आत अंधार. कालची लिंबं, एका वाटीवर चिकटवलेली 'जयाची. हात लावू नये' अशी चिठ्ठी आणि दारातल्या कप्प्यात औषधाची दोन खोकी. बाटलीतलं पाणी चहाला चाललं असतं इतपत गरम.

"डिफ्रॉस्ट केलाय," जानकी म्हणाली. हा शब्द तिला जयानं सकाळीच शिकवून ठेवला होता.

मॅडमनी गरम पाणी प्यायलं. निळ्या फुलाच्या कपातला चहा प्यायला. चहा चांगला होता म्हणाल्या. आणि मग कप खाली ठेवून अगदी हळू, कुणाला दुखवायचं नाही अशा आवाजात म्हणाल्या, "मावशी, मुलीला तुम्ही छान ठेवलंय, दिसतंच आहे. पण आमच्याकडे जागा थोड्या असतात, आणि रांगेत अशी मुलं आहेत की ज्यांच्या घरी पंखासुद्धा नाही. फ्रीज आहे, फर्निचर आहे... मग फीसाठी ट्रस्टची गरज कशी, हे मी वर काय सांगू?"

आत्ता जानकीला कळलं, काल श्रुतिका काय सांगत होती ते. सात वर्षं जे घर पोरीला राखत होतं, तेच आज पोरीच्या आडवं आलं होतं. आता 'हे माझं नाही' म्हणावं तर बाहेर अख्खी चाळ कान लावून उभी; त्यांनी घाम गाळून आणलेल्या सोफ्याला दारातच नाही म्हणायचं? आणि मॅडम म्हणतील, बाई खोटारडी आहे, हिच्या हाती पोरगी द्यायचीच कशाला? शनिवार तर उद्यावर आलेला. दगडात गहू अडकावा तसं झालं तिचं.

तेवढ्यात मधुकरतात्या आत आले.

त्यांना कुणी अडवलं नाही, कारण अडवायचं कुणाच्या लक्षातच आलं नाही. साडेअकरा वाजले होते. साडेअकराला तात्या जयाच्या फ्रीजमधलं आपलं इन्शुलिन काढत, टोचून घेत आणि मग सोफ्यावर आडवे होऊन जेवणाची वाट बघत. रोजचं. फ्रीज जिकडं, तिकडं तात्या. त्यांनी मॅडमना नमस्कार केला, फ्रीज उघडला, आपलं खोकं काढलं, बनियन वर करून पोटाला सुई लावली, आणि मॅडमच्या शेजारी सोफ्यावर ऐसपैस बसून म्हणाले, "मॅडम, जरा त्या कडेला सरकता? माझी खाच तिथे आहे."

मॅडम सरकल्या. खाच खरोखर होती. तात्या तिच्यात बशीत कप बसावा तसे बसले.

"हे... तुमचे कोण?" मॅडमनी जानकीला विचारलं.

"भाडेकरू," जानकी म्हणाली.

"भाडेकरू?" तात्या ताडकन उठून बसले. "स्वतःच्या सोफ्यावर?"

आणि मग जया आली. तिला कशाचाच पत्ता नव्हता. ती लिंबं न्यायला आली होती. फ्रीजला हात घालता घालता ती जानकीला म्हणाली, "बारा वाजत आले हां. तुझी बाई येऊन गेली असेल तर राजेशला पाठवते. सुरमई आईकडे फार वेळ टिकायची नाही. तिच्याकडे मांजर आहे."

आणि नेमकी तेव्हाच श्रुतिका दारात उभी राहिली, हातात फाईल, केस घामानं कपाळाला चिकटलेले. तिनं खोली बघितली आणि "सॉरी हां" म्हणून वळली. दोन पावलं गेली. थांबली. परत आली.

"मावशी! अगं यार! मला वाटलं मी दुसऱ्याच्या घरात शिरले!"

बाहेर कुणीतरी पहिलं हसलं. मग रतन हसली, मग जया, आणि मॅडमनी आधी तोंडावर फॉर्म धरला, मग रुमाल, मग त्यांना ते काही आवरेना. त्या सोफ्याच्या खड्ड्यात बसून इतक्या हसल्या की तात्यांनी त्यांना पाठीवर थोपटलं.

जानकी मात्र ताठ उभी राहिली. पदर खोचला. "म्याडम," ती म्हणाली, "आता खरा ऐका. ह्यो फ्रीज जयाचो. सोफो तात्यांचो. टेबल रतनच्या नातवाचा, विकी तोच. माझा काय तां सांगतंय. ह्यो पंखो माझो. घड्याळ माझा. भिंतीवरचो फोटो माझो, त्यातलो माणूस पण माझोच होतो. आणि ह्या चेडू माझा. बाकी माका काय दाखवूचा नाय. ह्येका शिकवूचा आसा आणि माझ्याच्यान होणा नाय. झाला."

"आणि कप सगळ्या चाळीचे!" श्रुतिका म्हणाली.

"बारा व्हते, एक फुटला," दारातून रतननं दुरुस्ती केली. "आता अकराच हायती. लिवा तसं."

मॅडमनी डोळे पुसले. "मावशी, मी इथे 'फ्रीज: होय' असं लिहिलंय. खोडू?"

"खोडा! खोडा!" बाहेरून पाच-सहा आवाज आले. स्वतः जया मोठ्यानं म्हणाली, "खोडा हो मॅडम, माझाच आहे तो, बिल आहे माझ्याकडे!"

मॅडमनी खोडलं. मग श्रुतिकाकडे बघून म्हणाल्या, "आता तू सांग. अभ्यास खरं कुठे करतेस?"

"गिरणीत."

"गिरणीत? त्या आवाजात?"

"झोप नाही येत ना."

मॅडम म्हणाल्या, दाखव. चाळ त्यांच्या मागं गिरणीपर्यंत गेली. आत कोपऱ्यात एक उपडा डबा, त्याच्यावर पोतं, समोर मोटारीच्या खोक्याची फळी. हेच टेबल. वह्यांच्या पानांत पीठ बसलेलं. पान उलटलं की बारीक ढग उठे. भिंतीवर खडूनं मोटारीचं कनेक्शन काढलेलं, कुठली वायर कुठं जाते ते बाणांनी. मे महिन्यात मोटार बसली होती, तेव्हा मिस्त्री दोन दिवस म्हणाला, तर हिनं मेन बंद करून, रतनला स्विचजवळ पहाऱ्याला बसवून, कपॅसिटर बदलला आणि पाऊण तासात गिरण चालू केली. हे सगळं सांगितलं जानकीनं. सांगताना तिला हात इतके हलवायचे होते की पिठाचं सूप पालथं झालं आणि मॅडम कमरेपर्यंत पांढऱ्या झाल्या.

"उद्या दुपारी आमची समिती बसते," मॅडम पीठ झटकत म्हणाल्या. "शेवटचा निर्णय त्यांच्या हातात. पण माझी शिफारस मी लिहिते. आणि मावशी, पुढच्या वेळी फ्रीज नको. पाणी माठातलं द्या, ते तरी थंड असतं."

शनिवारी सकाळी गिरणीपुढं ही गर्दी. काल दुपारचं राहिलेलं आणि आजचं, दोन्ही दळणं. त्या धांदलीत गहू आधी पडला आणि जयाची भाजणी परत मागे राहिली. ती हाताची घडी घालून पहिल्या नंबरावर उभी होती, दगड झाडून घेतल्याशिवाय हलणार नाही म्हणून. श्रुतिका फाईल छातीशी धरून पॉलिटेक्निकच्या दारात बसायला निघून गेली होती. निरोप आलाच तर तिथल्या तिथं प्रवेश घ्यायला. जानकीनं मोबाईल कमरेला खोचला होता आणि दर दोन मिनिटांनी काढून बघत होती, तो चालू आहे ना म्हणून.

पावणेदोनला फोन थरथरला. गिरण फुल्ल चालू. जानकीनं कानाला लावला. समोरून मॅडमचा आवाज येत होता, पण शब्द दगडाखाली जात होते. "हॅलो! हॅलो! काय?" बटण बंद करायला जावं तर तेवढ्यात फोन कट व्हायचा. तिनं फोन जयाच्या हातात कोंबला. "तू आयक!"

जयानं एका कानात बोट घातलं, दुसऱ्याला फोन लावला. तिचा चेहरा वाचायला रांगेतल्या सगळ्यांनी माना पुढं काढल्या.

"हो... हो... तीन वर्षं? पुस्तकंपण? पासपण?" मग तिनं रांगेकडे वळून आरोळी ठोकली. "झालं! पैसे कॉलेजात भरले! पोरीला सांगितलं, ती आत गेलीसुद्धा!"

रांगेत ते डब्याडब्यानं मागं गेलं. शेवटच्या म्हातारीपर्यंत पोचेस्तोवर श्रुतिका इंजिनियर झालेली होती. तात्या घरातूनच "शाब्बास" म्हणून ओरडले, रतननं गिरणीच्या पायरीवर फुगडीला हात पुढं केले, आणि जानकी, साठीला आलेली, पिठानं माखलेली, खरंच दोन फेरे फिरली. पीठ असं उडालं की रांगेतल्या सगळ्यांच्या भुवया म्हाताऱ्या झाल्या.

"आता तुझं झालं की नाही?" जया शिंकत म्हणाली. "आणि पुढच्या महिन्यात ते बालकल्याण समितीचे बघायला येतील, तेव्हा फ्रीज आणायचा का गं?"

जानकीनं विचार केला. "आणूक व्हयो," ती म्हणाली. "तेका आमच्या घराची सवय झाली."

"माझ्या सुरमईला नाही झाली!"

"मग ह्या खेपेक चिठ्ठी लाव. 'जयाचो फ्रीज, बघण्यापुरतो.'"

रांग हसत राहिली. जानकीनं डोळे पदराच्या टोकानं पुसले, पदर आणखी पांढरा झाला. गव्हाचं शेवटचं दळण उतरलं, तसं तिनं बटण बंद केलं, वरचा दगड सैल केला आणि कुंच्यानं कडेकडेचं पीठ झाडायला बसली. खाचाखाचांतून, सावकाश, एक कण मागे राहायला नको अशी. मग मूठभर वरी टाकली, ती फुकट घालवली, आणि जयाच्या भाजणीचा डबा उचलला.